कॉमिक कॉनहून परत आलोय, चिलखत कुठे ठेवू?

फोमवाला_मावळा: रविवारी रात्री मुंबई कॉमिक कॉनहून (कॉमिक्सवाल्यांची जत्रा, लोक आवडत्या पात्रांचे वेश करून येतात) पुण्याला परत आलो, आज बुधवार, बॅग अजून उघडलेली नाहीये. चार महिने रोज जेवण झालं की गॅलरीत बसून ईव्हीए फोमचं (स्पंजासारख्या हलक्या शीटचं) चिलखत करत होतो, छाती, खांदे, ढाल, सगळं घरी. बीकेसीत दोन दिवस मिरवलं, अनोळखी पोरं फोटो मागत होती, एक चिमुरडी तर ढालीवर टकटक करून बघून गेली खरी आहे का म्हणून. परतताना डिकीत दबेल म्हणून सगळं मांडीवर घेऊन बसलो, शेजारचे काका लोणावळ्यापर्यंत गप्प होते मग म्हणाले, नाटकात असता का? हो म्हटलं, काय सांगणार.

सोमवारी ऑफिसात कानामागे चंदेरी रंग तसाच होता. आणि रात्री जेवण झालं की पाय आपोआप गॅलरीकडे वळतात, तिथे तर काहीच नाहीये करायला.

तर एक, वन बीएचकेत हे ठेवायचं कसं? आई म्हणते माळ्यावर टाक नाहीतर भंगारवाल्याला दे. डाव्या खांद्याचा जोड शनिवारी दुपारीच सुटला, हॉट ग्लू होता. आणि दुसरं, हे असं रिकामं रिकामं तुम्हालाही होतं का?

हीटगन_हातात: माळ्यावर अजिबात नको!! उन्हाळ्यात स्लॅबखाली भट्टी असते आणि वर कोणी गाद्या ठेवल्या की संपलंच, फोम दबून वाकडा होतो, मग सरळ करायला हीट गनची गरम हवा मारली की रंगाची वाट. छातीच्या आत जुनी उशी नाहीतर चुरगळलेले पेपर भर म्हणजे आकार राहील. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नकोस, रंग चिकटतो, आईकडे जुनी सुती साडी माग. आणि बॅग आत्ता उघड भावा, घामाचे पट्टे आहेत ते, पुसून दोन दिवस सावलीत वाळव नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. जोडाला हॉट ग्लू कोणी सांगितला रे? उन्हात रांगेत उभं राहिलं की मऊ पडणारच तो. फेविकॉल एसआर घे, दोन्ही बाजूंना पातळ लाव, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोड, आणि एकदाच, चुकलं की चुकलं.

सतरंजीवाली_काकू: मी तुमच्यातली नाही, मुलामुळे इथे वाचते. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. माझं हे दर डिसेंबरात होतं, सवाई संपला की. रमणबागेत होता तेव्हापासून जाते, आता मुकुंदनगरला. भीमसेनजींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव, आणि शेवटी त्या गुरूंचीच, सवाई गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावतात, भैरवी. ती ऐकून बाहेर पडलं की रिक्षात आमच्यातलं कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी सुरात आहे का बघत बसते मी. चार-पाच दिवस जातात तसे.

आणि बाळा, आईने ते तुझ्या अंगावर बघितलंय का? गॅलरीतला कचरा तेवढा बघितला असेल तिने. माझ्या पोराने एकदा घालून दाखवलं, तेव्हापासून त्याच्या पंखांची पिसं मीच शिवते.

सॅनदिएगोची_वारी: इकडे कॅलिफोर्नियात कॉनहून आल्यावर होणाऱ्या सर्दी-खोकल्याला नावच आहे, कॉन क्रड. सॅन दिएगोच्या कॉमिक कॉनला हॉल एचमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सभागृहात, साधारण साडेसहा हजार लोक मावतात आणि त्या जागेसाठी आम्ही रात्रभर बाहेर रांगेत, झोप नाही, जेवण म्हणजे चिप्स, मग निम्मं दुःख म्हणजे नुसती कणकणच असते गं बाई असं मी स्वतःला सांगते. आधी झोप काढ दादा. मग आर्टिस्टांच्या स्टॉलवरून आणलेली कार्डं काढून एकेकाला फॉलो कर आणि काय घेतलं, कुठे लावलं ते लिही. मी एकदा राहू दे म्हटलं तर सगळी कार्डं जीन्सबरोबर मशीनमध्ये धुतली गेली, त्यातल्या एकीची चित्रं मी अजून शोधतेय.

फोमवाला_मावळा: बॅग उघडली. वासाबद्दल बोलायला नको. काकू, काल घालून दाखवलं, आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली डावा खांदा उतरलाय, ब्लाऊजला घेतात तसं माप घ्यायला हवं होतंस. साडी मिळाली, टेपही मिळाली. एसआरचा छोटा डबा दोन खांद्यांना पुरेल ना?