मदत हवी आहे: आईच्या हृदयातली 'पिशवी' बंद करावी का?

आईला (वय ७६) एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आहे. झडपा ठीक, बीपी मात्र जुनं. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे हृदय काढून डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी पिशवी दाखवली. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, मग रक्त तिथं साचतं. या कप्प्यातल्या १० पैकी ९ गुठळ्या त्या पिशवीतच होतात म्हणे. गुठळी सुटली की मेंदूकडे.

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २ ते ३ हवा, आईचा कधी १.६, कधी ३.८ (मेथीने गोळीचा असर कमी होतो, पण ती भाजी काही सुटत नाही!). हिरड्यांतून रक्त येतं. आता कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या बारीक नळीने) पिशवी बंद करायचं सुचवलंय. कुणाच्या घरी केलंय का? नंतर गोळ्या किती दिवस लागल्या?