वर्गणी देऊन मका उत्पादकाला मिळतं काय?

कुणीतरी विचारलंय की मका उत्पादकांच्या संघटनेला पैसे देऊन फायदा काय. अमेरिकेत आयोवा राज्याचं बघा, मका विकला की बुशेलमागे, म्हणजे साधारण २५ किलोला, एक सेंट कापला जातो, त्याला चेकऑफ म्हणतात, त्यातून संशोधन, निर्यात, मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉल इंधनाचं मार्केट वाढवणं चालतं आणि ज्याला पटत नाही तो पैसे परत मागू शकतो. आमदार-खासदारांमागे लागायला मात्र हा पैसा चालत नाही, त्यासाठी वेगळी सभासद वर्गणी, हे मला फार पटतं. खतावरच्या आयात शुल्काविरुद्धही तिथल्या मका उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने आवाज उठवला. आपल्याकडे व्यापारी मुठीत दाणे घेऊन, दाताखाली एक फोडून "ओला आहे" म्हणतो न् भाव पाडतो, अशा वेळी शेतकरी गटाचं स्वतःचं, ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर असलं तरी बोलता येतं हो.