सुरूच्या बनातली टाकी (सोसायटी ग्रुप, सोमवार)

ए-२०१ वहिनी: सुप्रभात. एक प्रश्न आहे आणि तो इथेच, सगळ्यांसमोर विचारत्ये. गणेशगुळ्याच्या सहलीच्या वेळी "खासगीत बोलू" म्हणालात आणि पुढे कोणी तोंड उघडलं नाही. आपल्या कॅरॅव्हॅन क्लबच्या सहलीत, शनिवारी रात्री समुद्राकाठच्या सुरूच्या बनात गाडीतल्या संडासाची टाकी कोणी ओतली?

ए-२०१ वहिनी: काल संध्याकाळी बनाशेजारच्या आगरवाल्या (नारळाच्या बागेच्या) काकूंचा फोन आला. बनात निळं पाणी आणि घाण आहे, वास सुटलाय. त्यांची विहीर तिथून चाळीस पावलांवर. त्याच विहिरीचं पाणी त्यांनी आपल्याला प्यायला दिलं, एक पैसा घेतला नाही. फोनवर काय बोलावं मला कळेना.

बी-३०४ दादा: वहिनी, माझी नाही. माझी कॅसेट, म्हणजे संडासाची काढता येणारी टाकी, वीस लिटरची. जशीच्या तशी घरी आणली आणि काल आमच्या संडासात ओतली. हिने नाकाला पदर लावून साक्ष दिली आहे 😄

ए-१०४ काका: डिझेल, फेरीबोट आणि ट्रॅक्टर, तिन्हीचा हिशोब अजून आलेला नाही. मी ३,४५० रुपये आगाऊ भरलेत.

सी-१०१ काकू: सुप्रभात 🌺 ॐ नमः शिवाय

बी-४०१ डॉक्टर: माझ्या जीपवर नुसता तंबू. वहिनींच्या व्हॅनमध्येही संडास नाही. उरल्या दोन गाड्या, त्यातल्या एकाने उत्तर दिलंय.

ए-४०३ भाऊकाका: सकाळी सकाळी चौकशी आयोग बसवलात का? क्लब मी काढला. सहा सहली नेल्या. जागा मी शोधायची, लोकांशी मी बोलायचं, रात्री गॅस बंद आहे का ते मी बघायचं. आभार मानायला कोणी नसतं, बोट दाखवायला सगळे.

सेक्रेटरी: सर्वांनी शांततेने मत मांडावे ही नम्र विनंती. क्लबसाठी वेगळा ग्रुप आहे, कृपया तिथे चर्चा करावी 🙏

ए-२०१ वहिनी: त्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतात. ॲडमिन कोण ते तुम्हालाही माहीत आहे, सेक्रेटरी काका.

सी-३०२ भाऊ: विषय निघालाच आहे तर मीही बोलतो. शुक्रवारी रात्री या गाड्यांच्या टाक्या सोसायटीच्या नळाला पाइप लावून भरल्या. शंभर-शंभर लिटर. शनिवारी सकाळी सी विंगला पाणी नव्हतं. आणि ती मोठी गाडी दोन जणांची पार्किंगची जागा खाते ते वेगळंच.

ए-४०३ भाऊकाका: शे-दोनशे लिटरने एवढी मोठी टाकी रिकामी होत नाही. तुमच्या विंगचा व्हॉल्व्ह अर्धवट बसतो हे मी दोन मीटिंगमध्ये सांगितलंय. मिनिट्स बघा.

सी-३०२ भाऊ: मिनिट्समध्ये काय लिहायचं तेही तुम्हीच सांगता.

सेक्रेटरी: मिनिट्स मी लिहितो. प्लंबर उद्या येणार आहे. कृपया 🙏

बी-२०३ ताई: पाण्याचं नंतर बघा. त्या विहिरीचं मला खरंच टेन्शन आलंय. किनाऱ्यालगत गोडं पाणी असतं ते वाळूत, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत्या थरासारखं. पावसाचं पाणी मुरून तयार झालेला थर. म्हणून समुद्राला खेटून असलेल्या विहिरीलाही गोडं पाणी लागतं. पण जे वरून ओताल ते वाळूतून लगेच खाली जातं. मातीसारखं गाळलं जात नाही. शिवाय वास मारायला टाकीत घालतात ते निळं औषध. मी नववीला हे शिकवते आणि माझीच मुलं त्या बनात खेळत होती.

बी-४०१ डॉक्टर: ताई बरोबर बोलतायत. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो, सगळं दूषित पाण्यातून होऊ शकतं. काकूंना सांगा, विहिरीत टीसीएल (जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) टाकेपर्यंत पाणी उकळूनच प्या. मी त्यांच्याशी बोलतो, नंबर पाठवा.

ए-१०४ काका: हिशोबाचं कोणी बघणार आहे का? ट्रॅक्टरचे पैसे सगळ्यांत वाटले जाणार असतील तर माझा विरोध आहे. गाडी एकाची रुतली.

बी-१०२ माई: मला टाइप करायला वेळ लागतो. नात लिहून देत्ये. शनिवारी पौर्णिमा होती. दुपारी मी सांगितलं होतं की तिथीच्या पाऊणपट करा. पंधराच्या पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, आणि पौर्णिमेचं उधाण. गाडी वाळूत लावू नका म्हटलं होतं की नाही?

बी-३०४ दादा: म्हटलं होतं माई. मी साक्षीदार. भाऊकाका म्हणाले की मोबाइलमध्ये भरतीचं ॲप आहे.

बी-१०२ माई: ॲपमध्ये काय आलं होतं मग?

बी-३०४ दादा: तिथे रेंज नव्हती.

सी-१०१ काकू: 😂😂

ए-४०३ भाऊकाका: हसा. रात्री बारा वाजता गुडघाभर पाण्यात उभं राहून चाकाखाली झावळ्या सरकवत मी होतो.

ए-२०१ वहिनी: आम्हीही होतो, काका. माझा नवरा, दादा, डॉक्टर, सगळे होते. झावळ्या आगरवाल्या काकांनीच उठून आणून दिल्या. मी मुलांना घेऊन माझ्या गाडीत बसले होते आणि तुमच्या गाडीचं मागचं चाक आत जाताना बघत होते. तीन टनांच्या वरची गाडी. दर लाटेला चाकाखालची वाळू निघून जात होती. माझी धाकटी विचारत होती की आजोबांची गाडी बुडणार का. मला भांडण नको आहे. पण तेव्हापासून झोप नाही.

बी-३०४ दादा: एक सांगू का? गाडी रुतल्यावर इंजिन तासभर चालू ठेवलं होतं ते सगळ्यात वाईट. सायलेन्सर वाळूत गेला होता आणि भाऊकाकांच्या काकू आत होत्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मी ओरडून दार उघडायला लावलं तेव्हा भाऊकाका माझ्यावर चिडले.

ए-४०३ भाऊकाका: ते खरं आहे. तेव्हा चिडलो.

बी-२०३ ताई: अजून एक गोष्ट राहिली, माझं हे रडगाणं वाटेल. फेब्रुवारी आहे. ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, ही सगळी तीच किनारपट्टी. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. कासवमित्र पहाटे फिरून अंडी हॅचरीत नेतात, पण जे घरटं सापडलं नाही ते वाळूतच राहतं, वरून काही कळत नाही. त्यावरून चाक गेलं तर संपलं. पिल्लं निघाली तरी टायरच्या खोल चाकोरीत अडकतात, आणि आपल्या दिव्यांच्या माळा बघून समुद्राऐवजी बनाकडे चालायला लागतात. कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, वाघाइतकंच.

सी-३०२ भाऊ: म्हणजे गुन्हाच की. सोसायटीच्या नावाने केस झाली तर?

सेक्रेटरी: क्लबचा आणि सोसायटीचा अधिकृत संबंध नाही, याची नोंद घ्यावी.

ए-४०३ भाऊकाका: वर्धापनदिनाच्या बॅनरवर क्लबचे फोटो लावताना संबंध होता.

ए-१०४ काका: ३,४५० रुपये. पुन्हा लिहितो.

बी-४०२ वहिनी: शिमग्याच्या सहलीचं काय ठरलं? आम्ही नावं दिली होती. माझ्या भावालाही सांगून ठेवलंय.

बी-३०४ दादा: शिमग्याला मुळीच नको. पालख्या निघतात, चाकरमानी येतात, गावातले रस्ते भरलेले. त्यात आपली लांब गाडी देवळासमोर अडकली तर लोक आपल्यालाच होळीत घालतील.

ए-४०३ भाऊकाका: सरकारचं २०२१ चं कॅरॅव्हॅन धोरण आहे. या पर्यटनाला उत्तेजन द्यायचं असं लिहिलंय. आपण काही चोरी करत नाही.

बी-३०४ दादा: काका, त्या धोरणात कॅरॅव्हॅन पार्कचं आहे. पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेली जागा. समुद्रावर हवं तिथे उभं राहायचा परवाना त्यात नाही. मी गाडी करून घेताना आरटीओत चार चकरा मारल्यात, तेव्हा सगळं वाचलं.

ए-२०१ वहिनी: माझा प्रश्न सकाळपासून तिथेच आहे. विहीर चाळीस पावलांवर आहे. टाकी कोणी ओतली?

सेक्रेटरी: दुपारची वेळ आहे, ज्येष्ठ विश्रांती घेत आहेत. संध्याकाळी बोलू.

ए-२०१ वहिनी: हेच ते "खासगीत बोलू".

(रात्री ९.४०)

ए-४०३ भाऊकाका: टाकी मी ओतली.

ए-४०३ भाऊकाका: ट्रॅक्टरवाला म्हणाला, वजन कमी करा, नाहीतर हुक तुटेल. पिण्याच्या पाण्याची टाकी सोडून दिली. मग कॅसेटही काढली आणि अंधारात बनात नेऊन ओतली. वाळू शोषून घेईल असं वाटलं. विहीर तिथे आहे हे दिवसा पाहिलं होतं, रात्री आठवलं नाही. पहाटे साडेपाचला ओहोटीवर गाडी निघाली आणि मी सुटलो म्हणून झोपलो. सकाळी काकूंनी चहा दिला तेव्हा सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

ए-४०३ भाऊकाका: ताईंचा विहिरीवरचा मेसेज सकाळपासून चार वेळा वाचला.

बी-२०३ ताई: काका, लिहिलंत ते बरं केलंत.

सी-३०२ भाऊ: ठीक आहे. पण पाइपचं उत्तर राहिलं.

ए-२०१ वहिनी: भाऊ, आज नको. पुढच्या मीटिंगला मीच तुमच्या बाजूने बोलेन.

बी-४०१ डॉक्टर: मी काकूंशी बोललो. पाणी उकळतायत. शेजारच्या वाडीतून दोन हंडे आणतात. आरोग्य केंद्रातून टीसीएलची पावडर मिळणार आहे. पंधरा दिवसांनी नमुना तपासायला देऊ, मी बाटली घेऊन जातो.

ए-२०१ वहिनी: मी रविवारी जात्ये. जिथे ओतलंय तिथली वाळू खणून पोत्यात भरून आणायची, काकूंची माफी मागायची. कोण येतंय? आणि यापुढे माझी गाडी वाळूवर येणार नाही, कोणाच्याही क्लबमध्ये. आगरात उभी राहील. तिथे संडास आहे, काकूंना दिवसाचे पैसे द्यायचे, कॅसेट त्यांच्या परवानगीनेच रिकामी करायची, निळं औषध न घालता.

बी-३०४ दादा: मी येतो. पोती माझ्याकडे आहेत. गाडीचं बूड गोड्या पाण्याने धुवायचं राहिलंय अजून, खाऱ्याने गंज धरेल, ते आल्यावर करतो.

ए-४०३ भाऊकाका: फावडं मी आणतो. वाळू मीच खणणार. ट्रॅक्टरचे पैसे माझे, ए-१०४, तुमचे परत करतो.

ए-१०४ काका: ट्रॅक्टरचे एकट्याने देऊ नका भाऊ. झावळ्या आपण सगळ्यांनीच टाकल्या. फक्त डिझेलची पावती पाठवा.

बी-१०२ माई: रविवारी वद्य अष्टमी. आठाच्या पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी, पण भांगाचं पाणी, फार उतरत नाही. तरी लांब गाडी नेऊ नका, जयगडच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर मागचं बूड घासतं. मलाही न्या. त्या काकूंची आई आणि मी एका शाळेत होतो.