कॉम्प्युटेशनल केमिस्ट व्हायचंय? मग आधी दोन वर्षं प्रयोगशाळेत, बेंचवर

रेणूकार :

भाची पुण्यात एमएस्सी करतेय, ऑरगॅनिक, शेवटचं सेमिस्टर. परवा तिचा फोन. "मामा, मीपण तुझ्यासारखी कॉम्प्युटरवरच औषधं शोधणार. रोटाव्हॅपसमोर उभं राहायचा वीट आलाय." (रोटाव्हॅप म्हणजे द्रावक उडवायचं प्रयोगशाळेतलं यंत्र.) मी म्हटलं, जरूर ये, पण अजून दोन वर्षं त्याच रोटाव्हॅपसमोर काढ आणि मग ये. तेव्हापासून अबोला. बहीण म्हणते पोरीचा हिरमोड कशाला केलास. माझं चुकलं का हे इथे विचारायचंय, पण आधी माझी बाजू.

औषधशोधाच्या धंद्यात मला १८ वर्षं झाली. पीएचडी शुद्ध थिअरीत. पहिली नोकरी हैदराबादच्या एका कंत्राटी संशोधन कंपनीत. पहिल्याच प्रोजेक्टवर एका कायनेजसाठी (पेशीतलं एक एन्झाइम) दोन लाख रेणू डॉक केले, म्हणजे त्याच्या खाचेत कोणता किती बसतो ते कॉम्प्युटरवर बघितलं, स्कोअर लावून वरचे चाळीस काढले आणि रंगीत चित्रांसकट मीटिंगमध्ये मांडले. समोर सिंथेसिसचे प्रमुख, मितभाषी तेलुगू गृहस्थ. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि एकेकावर काट मारत गेले. हा पाण्यात तासभर टिकणार नाही. याला चार स्टिरिओसेंटर आहेत, चौदा स्टेप, तू करणार? हा बनेल, पण विरघळवणार कशात? एकतीस गेले. उरलेल्या नवातले तीन बनले आणि असेमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चाचणीत, तिन्ही फुसके निघाले. पुढचे सहा महिने माझ्या याद्या कुणी उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत.

आमच्या कामाची गोम इथेच आहे. आम्ही सुचवतो आणि बनवतं दुसरंच कुणीतरी. त्या दुसऱ्याचे तीन आठवडे खर्ची पडतात. तो तुमचं ऐकतो की नाही, यावर तुमची बढती, तुमची पुढची नोकरी, सगळं अवलंबून. आणि आमचं गणित तरी असं किती पक्कं? खोलीच्या तापमानाला साधारण १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की बंधनाची ताकद दहापट बदलते. आमची चांगल्यातली चांगली एफईपी, म्हणजे बंधनऊर्जेची, गणितंसुद्धा किलोकॅलरीभर इकडेतिकडे होतात. डॉकिंगच्या स्कोअरबद्दल तर चारचौघांत बोलू नये. ही फट भरून काढतो तो माणसाचा अंदाज, आणि तो अंदाज हात काळे केल्याशिवाय येत नाही.

झोडा आता.

पायथनवाला :

झोडतोच. काका, तुमची गोष्ट छान आहे, पण ती अठरा वर्षांपूर्वीची आहे. "हा बनणार नाही" हे सांगायला आज लाल पेन लागत नाही. ॲस्ट्राझेनेकाच्या लोकांनी २०२० मध्ये सिंथेसिसचे मार्ग सुचवणारं एआयझिंथफाइंडर खुलं केलं, ते माझ्या लॅपटॉपवर फुकट चालतं. विद्राव्यता आणि हर्गचा (हृदयाच्या ठोक्यांवरच्या दुष्परिणामाचा) धोका यांची मॉडेलं आहेत. यादी केमिस्टकडे जाण्याआधीच त्यातले तुमचे एकतीस गळून पडतील.

आणि गणिताला इतकं कमी का लेखता? निंबस आणि श्रोडिंगर या कंपन्यांच्या सहकार्यातून निघालेला, टीवायके२ या कायनेजवरचा रेणू टाकेडाने घेतला, सुरुवातीलाच ४ अब्ज डॉलर मोजून. २०२४ चं रसायनाचं नोबेल कुणाला मिळालं? बेकर, हसाबिस आणि जंपर, प्रोटीन कॉम्प्युटरवर रचणारे आणि त्यांचे आकार ओळखणारे. हसाबिस तर बुद्धिबळ आणि व्हिडिओ गेममधून आलेला माणूस. त्याला कुणी म्हटलं का, आधी दोन वर्षं टायट्रेशन कर?

भाचीने दोन वर्षं पायटॉर्च आणि आरडीकिट ही सॉफ्टवेअरं नीट शिकावीत. नोकरीच्या जाहिराती हेच मागतात. कॉलम (सिलिकातून रेणू शुद्ध करायचं काम) कुणी मागत नाही.

खवचट_खान :

मागे एका विनोदी माणसाने आमच्या ऑफिसात लिहिलं होतं : "मॉडेल म्हणतं बनेल. मॉडेलला म्हणावं बनव."

अंबरनाथची_अलका :

रेणूकार, मी बेंचवरची बाई. एमएस्सीनंतर सहा वर्षं. म्हणून तुमच्या "दोन वर्षं काढ" वर बोलायचा मला हक्क आहे असं समजते.

कंत्राटी कंपनीत बेंचवर गेलेली मुलगी दोन वर्षांनी बाहेर पडत नाही हो. तिथे हिशेब एफटीईचा असतो. परदेशी ग्राहक एका केमिस्टचे वर्षाचे पैसे भरतो आणि त्या बदल्यात त्याला रेणू हवे असतात. अशी बिलावर लागलेली केमिस्ट "मला मॉडेलिंग शिकायचंय" म्हणाली तर मॅनेजर तिला का सोडेल? मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा "हे कॅम्पेन संपू दे" असं उत्तर मिळालं. कॅम्पेन कधी संपत नसतं. डीएमएफ या द्रावकाचा वास केसांतून जात नाही, दुसऱ्या शिफ्टनंतर स्टेशनला येईपर्यंत अकरा वाजतात, आणि घरी स्थळं बघणं चालू. मामांना दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. तेविशीच्या मुलीला ती भारी पडतात.

मी सुटले ती वेगळ्याच खिडकीतून. पेटंटं आणि पेपर वाचून त्यातले रेणू, आयसी५० (किती रेणू लागला की एन्झाइमचं काम निम्मं होतं तो आकडा), कुठला असे, हे सगळं डेटाबेसमध्ये भरायचं काम. कंटाळवाणं वाटेल, पण पायथनवाले, तुमची मॉडेलं याच आकड्यांवर शिकतात बरं का. पेटंटात नॅनोमोलरच्या जागी मायक्रोमोलर छापलेलं मी किती वेळा पकडलंय! एकाच रेणूची दोन पेपरांतली किंमत शंभरपट वेगळी, कारण एकात एन्झाइमवर मोजलं आणि दुसऱ्यात पेशींवर. हे लक्षात येतं, कारण मी स्वतः असे रेणू बनवून चाचणीला पाठवलेत आणि वाट बघितलीय. त्यामुळे बेंचचा उपयोग नाही असं मी म्हणणारच नाही. पण नोकरी म्हणून बेंच नको. पीएचडीच्या आत बेंच असू दे.

रेणूकार :

अलकाताई, एफटीईचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी कायम मॉडेलिंगच्या बाजूने खिडकीतून बघत आलो. दोन वर्षांची नोकरी हा सल्ला मागे घेतो.

पायथनवाल्यांचं मात्र काहीही मागे घेणार नाही. बाळा, ५ ऑक्टोबर १९८१ च्या फॉर्च्यून मासिकाचं मुखपृष्ठ शोधून बघ. मर्क कंपनीत कॉम्प्युटरवर औषधं रचली जातायत, ही पुढची औद्योगिक क्रांती, असं छापलं होतं. तुझा जन्मसुद्धा झाला नसेल. त्यानंतर क्रांती दर दहा वर्षांनी नव्या नावाने येते. २०२० मध्ये "एआयने रचलेला पहिला रेणू माणसांवरच्या चाचणीत" म्हणून डीएसपी-११८१ चा केवढा गाजावाजा झाला होता! पहिल्या टप्प्यानंतर तो थांबला. तो बनवणारी एक्ससायन्शिया २०२४ मध्ये रिकर्जनमध्ये विलीन झाली. अशा विलीनीकरणात पहिली गदा कुणावर येते? ज्याचं काम दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आधीच करतं त्याच्यावर.

पायथनवाला :

आणि इन्सिलिकोचा रेन्टोसर्टिब? फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर, टप्पा दोन-अ चे निष्कर्ष २०२५ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आले. तो सोयीस्कर विसरलात. अपयशं मोजायची तर लाल पेनवाल्यांच्या हातून गेलेले रेणूही मोजा की. टप्प्याटप्प्यावर पडलेले त्यांचे रेणू मोजायला वही पुरणार नाही.

मुळाकाठ :

दोघांचंही एक गृहीतक मला खटकतंय : कॉम्प्युटेशनल केमिस्ट म्हणजे औषध कंपनीचा नोकर. भाची पुण्यात शिकत असताना असं बोलता याचं जास्त वाईट वाटतं. इथे पुणे विद्यापीठात डॉ. श्रीधर गद्रे यांच्या गटाने रेणूंच्या विद्युतस्थितिज विभवावर कितीतरी वर्षं मूलभूत काम केलं. ते औषध काढायला बसले नव्हते.

आणि रेणूकारांचा बेंचचा आग्रह इतिहासाला धरून नाही. जॉन पोपल, १९९८ चं नोबेल, पीएचडी गणितातली. मार्टिन कारप्लस, २०१३ चं नोबेल, थिअरीवाला. एनएमआर या रेणू ओळखायच्या चाचणीतल्या जे-किमतीवरून दोन बंधांमधला पिळाचा कोन काढायचं कारप्लस समीकरण १९५९ चं. तुमच्या त्या तेलुगू साहेबांनी ते आयुष्यभर वापरलं असेल. थिअरीवाल्याने बेंचवाल्याच्या हातात हत्यार दिलं, कॉलम न चालवता.

भाचीला सांगण्यासारखं व्यवहाराचं : नेट परीक्षेत जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळवली तर महिना ३७,००० आणि घरभाडं, दोन वर्षांनी तिची वरची पायरी एसआरएफ, ४२,०००. त्यात पुण्यात निभतं, घरच्यांकडे मागावं लागत नाही. गाइड निवडताना एवढंच बघायचं : त्याच्या गेल्या पाच पेपरांत प्रयोग करणारा सहलेखक आहे का. नसेल तर पळ काढायचा. २०२० मध्ये करोनाच्या मुख्य प्रोटिएज एन्झाइमची ६एलयू७ ही रचना खुली झाली आणि आपल्याकडे काढ्यातला एकूणएक घटक त्यात डॉक झाला. दालचिनी, तुळस, हळद, कुणी सुटलं नाही. स्कोअर सगळ्यांचे छान. असे सहा पेपर घेऊन आलेल्या उमेदवाराची मुलाखत मी घेतली आहे. "यातला एक तरी बाटलीत घेऊन तपासला का?" गप्प.

रेणूकार :

मग माझंच म्हणणं झालं की ते!

मुळाकाठ :

नाही झालं. तुम्ही म्हणता तिने स्वतः बनवावा. मी म्हणतो, बनवणारा मित्र असावा.

केंडलस्क्वेअर_कट्टा :

उशिरा आलो, इकडे बर्फ काढत होतो. बोस्टनमध्ये तेरावं वर्ष, दोनदा लेऑफ. दोन्ही वेळा कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, सगळीकडे कथा तीच : चाचणी पडली, पैसा आटला, आधी शोध विभाग बंद.

करिअरची शिडी म्हणाल तर इथे दोन असतात. एक शास्त्रज्ञाची, सायंटिस्ट ते प्रिन्सिपल आणि त्यापुढे. दुसरी मॅनेजरची. माझ्या गेल्या टीममध्ये बारा मेडकेमिस्ट (औषधाचे रेणू ठरवून बनवणारे) आणि मॉडेलिंगला मी एकटा. एकटा म्हणजे वर जायला जागा नाही आणि कपात आली की लपायलाही जागा नाही. पहिल्या लेऑफनंतर सॉफ्टवेअर कंपनीत ॲप्लिकेशन सायंटिस्ट झालो. आठवड्याला नवा ग्राहक, नवं प्रोटीन, त्याच्या शास्त्रज्ञांना प्रोग्रॅम शिकवायचा. त्या दोन वर्षांत जेवढे प्रकल्प बघितले तेवढे एरवी दहा वर्षांत बघितले नसते. ही वाट भारतातही आहे, श्रोडिंगरचीच हैदराबाद-बंगळुरूला ऑफिसं आहेत. पीएचडीवाल्यांना हे सेल्सचं काम वाटतं म्हणून नाकं मुरडतात. मुरडू नयेत.

परदेशाचं : भारतातून थेट नोकरीवर इकडे येणं आता महाकठीण. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या एच-वन-बी अर्जाला एक लाख डॉलरचं शुल्क लावलंय. छोटी बायोटेक ते कुठून भरणार? पण भारतातलंही काही शाश्वत समजू नका. ॲस्ट्राझेनेकाचं बंगळुरूचं केंद्र, जिथे क्षयरोगावर चांगलं काम चालायचं, ते २०१४ मध्ये बंद झालंच.

दोन्ही लेऑफनंतर मला नोकरी दिली ती जुन्या मेडकेमिस्ट सहकाऱ्यांनी. दोघीही बायका. दोघींनी बॉसला एकच सांगितलं होतं, हा "मला माहीत नाही" असं म्हणतो. बेंचवर मी एक दिवस उभा राहिलेलो नाही. पण केलेल्या प्रत्येक अंदाजाची वही ठेवलीय, काय सुचवलं, काय बनलं, किती चुकलो. दर महिन्याला ती टीमपुढे उघडायचो.

पायथनवाला :

वहीचं आवडलं. त्याला आम्ही व्हॅलिडेशन म्हणतो.

खवचट_खान :

आमच्याकडे त्याला अक्कलखाता म्हणतात.

मामाची_भाची :

मी तीच. आईने लिंक पाठवली. धाग्यावर माझ्या लग्नाचा विषय फक्त अलकाताईंनी काढला आणि तोही माझ्या बाजूने, त्याबद्दल आभार.

मामा, मी कंटाळले म्हणाले ते खरंय, पण का ते तू विचारलंच नाहीस. प्रोजेक्टमध्ये आठ क्विनोलिन अमाइन्स बनवायची होती. सहा झाली. गंमत म्हणून आठही मी ऑटोडॉकमध्ये टाकून बघितली. ज्याचा स्कोअर सगळ्यात वरचा, नेमकं तेच कॉलममध्ये तीन वेळा अडकलंय. टीएलसीवर (शुद्धता तपासायच्या पट्टीवर) डाग येतो तो धूमकेतूसारखा, शेपटीच शेपटी. गाइड म्हणतात सोडून दे, सहावर सबमिट कर. मला ते सोडायचं नाहीये, कारण स्कोअर खरा की खोटा ते कळणारच नाही मग.

रेणूकार :

अगं मग हे आधी नाही का सांगायचं! अमाइन सिलिकाला चिकटतंय. सॉल्व्हंटमध्ये ट्रायएथिलअमाइनचे दोन थेंब टाक.

अंबरनाथची_अलका :

दोन थेंबांनी काय होतंय अख्ख्या कॉलमला? एक टक्का घालायचं, आणि आधी त्यानेच सिलिका भिजवून घ्यायची. रेणूकार, तुम्ही स्वतः कधी बेंचवर होता का हो?

रेणूकार :

पीएचडी थिअरीत, असं वर लिहिलंय मी. जेवणाच्या सुट्टीत लाल पेनवाल्यांच्या हूडशेजारी उभा राहायचो, तेवढंच.

मामाची_भाची :

एक टक्क्याने सुटलं! गोल डाग, फोटो लावलाय. अलकाताई, तुमचा नंबर खाजगी निरोपात पाठवाल का? मामाचा आहे माझ्याकडे.