मदत हवी आहे : जळगाव-भुसावळकडे हायड्रा आणि प्लॅनेरिया कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मेंदू कोणाला असतो आणि कोणाला नसतो, हे जिवंत प्राणी ठेवून दाखवायचं आहे. गांडुळं केळीच्या बागेत ठिबकखाली हवी तेवढी मिळतात. त्यांचा छोटा दोन-भागी मेंदू शरीराच्या तिसऱ्या खंडात (वळ्यात), घशाच्या वर असतो. स्पंजाला चेतापेशीच नसतात, त्याचं चित्र लावून भागेल.

अडलंय ते मधल्या दोघांपाशी : हायड्रा, म्हणजे गोड्या पाण्यातला नळीसारखा बारीक प्राणी, आणि प्लॅनेरिया, म्हणजे पाण्यातला छोटा चपटा कृमी. हायड्राला चेतापेशींचं जाळं असतं, मेंदू नसतो. तरी सुईचं टोक लागताच अख्खा प्राणी आखडून टाचणीच्या डोक्याएवढा होतो. मुलांनी भिंगातून हेच बघायला हवं. प्लॅनेरियाला मात्र खरा मेंदू असतो, आणि डोकं कापलं तरी मागचा तुकडा साधारण 2 आठवड्यांत तो नव्याने घडवतो.

हतनूर, वाघूर धरणांच्या किंवा पाटाच्या संथ पाण्यात कोणाला हायड्रा दिसलाय का? पाणवनस्पती त्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत आणा आणि बरणी रात्रभर हलवू नका, म्हणजे ते काचेला चिकटलेले दिसतात. नळाचं पाणी अजिबात नको, क्लोरीनने मरतात. प्लॅनेरियासाठी यावल-रावेरकडच्या सातपुड्याच्या ओढ्यांत दगड उलटून बघा. कलेजीचा तुकडा दोऱ्याला बांधून सोडला की त्याला येऊन चिकटतात.

शिवाय हायड्राला 20 अंशांच्या आसपासचं पाणी लागतं, आणि आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे. ओल्या वाळूत माठ ठेवून कोणी पाणी मोजलंय का? दुपारी किती अंशांनी उतरतं?