कडकनाथ खुडूक बसत नाही, आणि काहींचे तुरे लाल आहेत?

रानवारा:
नमस्कार मंडळी, कडकनाथच्या थोड्या कोंबड्या आणि एक कोंबडा आणलाय, गावठीसोबतच मोकळं सोडतो. अंडी नीट देतात पण रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, एकही बसत नाही, बसवली की लगेच उठून चालू लागते. आणि काही तलंगांचा (तरुण कोंबड्यांचा) तुरा चांगला लाल आहे, अंडीपण काळी नाहीत, फिकट बदामी आहेत. भेसळीचा माल मिळाला का मला?

झाबुआवाला:
भाऊ अंड्यांवरून काही ठरवू नका, कडकनाथचं अंडं असंच फिकट असतं, ते काळ्या अंड्यांचे फोटो फिरतात ते साफ खोटे. रक्तपण लालच असतं. काळी असते ती कातडी, मांस, हाडं, आतले अवयव, कारण मेलॅनिन अंगभर उतरलेलं असतं, म्हणूनच मध्य प्रदेशात झाबुआ-अलीराजपूरकडे भिल्ल लोक याला कालामासी म्हणतात. चोच उघडून जीभ बघा, मग नखं आणि पायाचे तळवे. तुऱ्याला जांभळट झाक चालते, पण भडक लाल तुरा आणि गुलाबी जीभ असेल तर संकर धरा. पिसांवर सोनेरी किंवा पांढऱ्या रेघा असल्या तर घाबरू नका, शुद्ध कडकनाथात तसे प्रकार आहेत. फक्त काळ्या कातडीवर मात्र विसंबू नका, तो गुण जोरकस आहे, संकराच्या पिल्लातही उतरतो, म्हणून शक्य असेल तर आईबाप बघूनच घ्यावं.

अंगणातली ताई:
न बसणं हा आजार नाही दादा, ही जातच खुडूक कमी होते. खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवा नाहीतर इन्क्युबेटर, २१ दिवसांनी पिल्लं निघतात. मशीनमधल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशाच्या आसपास ऊब द्या आणि पुढे दर आठवड्याला थोडी थोडी कमी करा. पिल्लं बल्बपासून लांब पळाली तर उष्णता जास्त, एकमेकांवर चढून बसली तर कमी, थर्मामीटरपेक्षा मी पिल्लांकडेच बघते. मानमोडीवरची लासोटाची लस पहिल्या आठवड्यात चुकवू नका, हा रोग आला तर खुराडं रिकामं होतं.

पण मला खरी काळजी तुमच्या गावठी कोंबड्याची वाटतेय. तो आधी वेगळा करा, आणि केल्यावरही तीन आठवडे तरी अंडी उबवायला ठेवू नका, कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकतं. ही जात अशीच नकळत पातळ होत चाललीय.

रानवारा:
जिभा बघितल्या, लाल तुऱ्यावाल्यांच्या गुलाबीच आहेत, बाकीच्यांच्या काळपट. मग या विकून टाकू का?

झाबुआवाला:
कशाला, खायच्या अंड्यांसाठी राहू द्या की. वर्षाला ८०-१०० च्या आसपास अंडी ही शुद्ध कडकनाथची मजल, संकर कोंबडी त्याहून कमी देईल असं काही नाही. त्यांची अंडी उबवायला मात्र ठेवू नका, आणि पुढचा कोंबडा दुसऱ्या कळपातला आणा, घरचाच वाढवून त्याच कोंबड्यांत सोडू नका.