डीपीएफ काढून टाकू नका
'बीएस-६ डिझेलचा डीपीएफ सारखा चोंदतो, काढूनच टाका' हा सल्ला चुकीचा आहे. डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधला, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. चोंदतो तो दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमुळे. साठलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतं, ते छोट्या फेरीत गाठलं जात नाही; म्हणून गाडी जादा डिझेल फवारून फिल्टर तापवते. ते काम अर्धवट ठेवून इंजिन सारखं बंद केलं, की बऱ्याच गाड्यांत हे जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदला, तेही कमी राखेचंच (राख जळत नाही, फिल्टरमध्येच बसते). डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं, २००० आरपीएमच्या आसपास, न थांबता चालवा. फिल्टर काढलेली गाडी पीयूसीत पास होईलही. तिथे डिझेलच्या धुराची अपारदर्शकता मोजतात, कणांची संख्या नाही. ०.१ मायक्रॉनखालचे कण, जे फुप्फुसात सर्वांत खोल जातात, त्यात जवळपास दिसतच नाहीत.